पैसे मोजून घेतलेली फारकत

सोयाबीनचा पैसा हाती आला की आमच्या लातूरकडच्या मुरुडातली माणसं पूर्वी तुळजापूर-अक्कलकोट करायची, फार झालं तर बालाजी. आता लातूरच्या ट्रॅव्हलवाल्याकडं क्रूझची चौकशी होते. 'सहकुटुंब समुद्रसफर' असं त्याच्या फलकावर लिहिलेलं असतं. त्यातल्या 'सहकुटुंब' या शब्दावर माझा आक्षेप आहे.

मराठवाड्यातल्या माणसानं समुद्राचा हव्यास धरू नये, असं म्हणणारा मी नव्हे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, 10 वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत घागरी लावलेल्या बायकांनी एकदा अथांग पाणी डोळे भरून बघावं, यात चैन कसली? पण स्वस्तातलं तिकीट काढलं की पदरी पडते ती जहाजाच्या आतली खोली, आणि तिला खिडकीच नसते. समुद्र बघायचा तर त्याचे पैसे वेगळे.

"मामा, सगळं त्यातच येतं," असं भाचा मला ठासून सांगतो. जेवण येतं, खरं आहे. दारू, मसाज, इंटरनेट, किनाऱ्यावर उतरून फिरणं, कॅसिनोत बसणं यांचं बिल निराळं. या धंद्याची जगभर हीच रीत आहे: गिऱ्हाईक एकदा धक्क्यावरून सुटलं की दुसरं दुकान गाठायची सोयच नाही. मुंबईहून सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालेलं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' मुळात रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेलं, 1990 सालचं जहाज. जुनं आहे म्हणून मी नाक मुरडणार नाही. आम्ही एसटीत वाढलेली माणसं. पण 11 मजल्यांचं ते जहाज माणसांना एकत्र बसवायला बांधलेलंच नाही. लेकरं खेळघरात, बाप बारमध्ये, आई लेकरांच्या मागं, तरणी पोरं डीजेपुढं आणि म्हातारी खोलीत. जो तो आपापल्या मजल्यावर पांगला की जास्त खर्च करतो, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या आत्याला पोरांनी हौसेनं नेलं होतं. आल्यावर मी विचारलं, "आत्या, समुद्र कसा वाटला?"

"जेवाया गेलं की दिसायचा बाबा. बाकी गालिचाच बघितला."

एक गोष्ट मान्य करतो. गुडघे दुखणाऱ्या नवरा-बायकोला बॅग एकदाच उघडून निवांत पडायचं असेल, तर त्यांनी खुशाल जावं. प्रश्न आहे तो चार लेकरं आणि दोन म्हातारी माणसं घेऊन निघणाऱ्यांचा. दोन रात्रींच्या फेरीसाठी त्यांनी लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये जाता-येता आणखी दोन रात्री काढायच्या, सीएसएमटीला उतरून पेंगुळलेली लेकरं बॅलार्ड पिअरला ओढत न्यायची आणि वर तपासणीच्या रांगेत उभं राहायचं.

त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावर जा. मार्च 2020 पासून तिथून मांडव्याला रो-रो बोट सुटते. गाडीसकट माणसं घेते, तासाभरात पलीकडं सोडते. आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच बाकावर, समोर खारा वारा. पुढं अलिबागवरून रायगडातलं मुरुड गाठा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेवढे महिने टाळा. एरवी राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाता येतं. संभाजी महाराजांनी ज्याच्यासाठी खाडीत दगड टाकून वाट बांधायला घेतली होती, तो हा किल्ला. होडी तटाला लागली की लेकरांना हात धरून उतरवावं लागतं, म्हातारीला दोघांनी आधार द्यावा लागतो. आणि संध्याकाळी पुळणीवर पाय भिजवायला कुणी वेगळं तिकीट मागत नाही.

हे सगळं मी भाच्याला हिशोबासकट समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं ठीक आहे मामा, पण मुरुडहून मुरुडला गेलो म्हणून स्टेटसला काय ठेवू?"