गाडी गेली, नाव राहिलं

जुनी मोटरसायकल शोरूमला एक्स्चेंजमध्ये दिली तर भाव पडतो, ओळखीत विकली तर चार पैसे जास्त मिळतात. म्हणून पप्पांनी आमची स्प्लेंडर गुंजीतल्याच एकाला दिली. सौदा अंगणातच झाला. पैसे रोख, आरसी त्याच्या हातात, कोऱ्या फॉर्मवर सह्या आणि वर चहा. "नावावर कधी करून घेणार?" असं मी विचारलं तर पप्पाच म्हणाले, "गप्प बस, तो काय परका आहे?"

परका नाहीच. पण त्यानं गाडी पुढे लोंढ्याला विकली, तिथून ती गोव्यात गेली म्हणे. केए-२२ नंबर अजून पप्पांच्याच नावावर. हेल्मेटच्या दंडाचे मेसेज त्यांच्याच मोबाईलवर येतात. दंड भरता येईल हो, पण अपघात झाला तर? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' खटल्यात सांगून टाकलंय : गाडी कितीही हातांतून फिरो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईला तोच मालक.

१९८८ च्या मोटर वाहन कायद्यानुसार विकणाऱ्यानंही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी परराज्यात जाणार असेल तर एनओसी हवी, आणि आपल्या सीमाभागात ते नेहमीचंच.

माझं मत, चावी देण्याआधी दोघांनी मिळून फॉर्म २९ आणि ३० भरावेत. एक दिवस मोडतो, मान्य. पण कागद मागितला म्हणजे अविश्वास दाखवला, हे मला पटत नाही. पप्पांना अजून पटतं. मोबाईल वाजला की मात्र चष्मा शोधायला लागतात.