बाटलीतली वेल आणि दिवसा चावणारा डास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तारकर्लीतच पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या एक बाई दवाखान्यात आल्या. चार दिवसांचा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेले. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. दोन दिवसांनी त्यांचा मुलगाही त्याच तापाने पडला. बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनू, आमच्या घराभोवती पाण्याचो टिपूस नाय. मगे ह्यो ताप इलो खयसून?"

त्यांचे म्हणणे खरे होते. अंगण लख्ख, पिंपावर झाकण, विहिरीत गप्पी मासे. पण प्रत्येक खोलीच्या खिडकीत एक काचेची बाटली आणि तिच्यात मनी प्लांटची वेल. एक बाटली उजेडात धरली, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

दोष त्या बाईंचा नाही. गटार, टायर, करवंट्या यांविषयी आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. शोभेच्या बाटलीविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्या दिवशी दवाखान्यात परतलो आणि माझ्याच टेबलावरची बाटली पाहिली. तिच्यातही तेच! तापाचे रुग्ण समोर बसवून मी शेजारी डास पाळत होतो. म्हणून हा लेख.

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस इजिप्ती, घाण पाण्यापेक्षा साठवलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. तो चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. तो फार लांब उडत नाही. म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्याच घरी जन्मलेला असतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून. ही अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. नुसते पाणी ओतून नवे भरल्याने भागत नाही, बाटली आतून घासावी लागते. अरुंद तोंडाच्या बाटलीत ब्रश जात नाही आणि मुळे गुंतलेली असली की हातही जात नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की मनी प्लांट घरात जरूर लावावा, पण मातीत लावावा, पाण्यात नको.

ही वेल मूळची ताहितीजवळच्या मूरेआ बेटावरची. समुद्रकाठची दमट हवा तिला मानवते, त्यामुळे आपल्याकडे ती हट्टाने वाढते. कुंडीला खाली भोक असावे. माती, शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळून भरावा. खिडकीजवळ उजेड असावा, पण थेट ऊन नको. बोट घालून पाहावे आणि वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. जास्त पाण्याने मुळे कुजतात व पाने पिवळी पडतात. काठीला काथ्या गुंडाळून तिच्यावर वेल चढवावी, म्हणजे पाने मोठी होतात. कुंडीखालच्या बशीत मात्र पाणी साचू देऊ नये. ज्यांना बाटलीच हवी, त्यांनी रुंद तोंडाची घ्यावी आणि आठवड्याच्या कोरड्या दिवशी वेल बाहेर काढून, मुळे धुऊन, भांडे आतून घासावे.

आता एका समजुतीविषयी. ही वेल घरातली हवा शुद्ध करते, असे विकणारे सांगतात. 1989 साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून हे पसरले. पण आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा फेरविचार झाला, तेव्हा असे दिसले की उघड्या खिडकीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटर जागेत निदान दहा झाडे लागतील. दम्याच्या रुग्णांनी वेलीवर विसंबू नये, खिडकी उघडावी.

आणखी एक सूचना, रांगत्या मुलांच्या घरासाठी. मनी प्लांट हा आपल्या अळूचा भाऊबंद. अळू खाजरे निघाले की घशाला काय होते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. तेच सुईसारखे स्फटिक या पानातही असतात. मुलाने पान चावले तर तोंड पुसून गार पाणी किंवा दूध द्यावे, उलटी करवू नये. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आणि ताप आलाच तर पॅरासिटामॉलखेरीज काही घेऊ नये. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने मुळीच नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि खरा धोका तिथेच असतो. पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

मनी प्लांट चोरून आणला की पैसा येतो म्हणतात. त्या बाईंच्या घरी मात्र ऐन हंगामापूर्वी औषधांवर पैसा गेला. आता त्यांच्या खिडक्यांत कुंड्या आहेत आणि माझ्या टेबलावरही. वाचकहो, हा लेख वाचून झाला की पेपर बाजूला ठेवा आणि आपल्या घरातली बाटली एकदा उजेडात धरून पाहा.