मँचेस्टरचा नवा माल

पुण्यात 1905 साली विलायती कपड्यांची होळी झाली, तेव्हा आमच्या पणजोबांनी तीत आपले उपरणे टाकले, अशी आमच्या घराण्यात एक कथा आहे. धोतरजोडीही मँचेस्टरचीच होती. पण ती कोरी होती, आणि नेमकी त्या दिवशी ती सापडली नाही, अशी पुरवणी पणजीने त्या कथेला जोडून ठेवली आहे. तेव्हापासून आमच्या घरी मँचेस्टर म्हणजे कापड आणि कापड म्हणजे भांडण, असे समीकरण होऊन बसले होते. ते मोडले आमच्या भाच्याने.

हा भाचा इचलकरंजीचा. ज्या गावाला आपण कौतुकाने महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो, तिथला मुलगा अस्सल मँचेस्टरला वस्त्रविद्या शिकायला गेला. गाडीतून उतरताच मागांचा खडखडाट कानी पडेल, अशी त्याची समजूत! तिथल्या गिरण्या केव्हाच थंडावल्या. कित्येकांच्या इमारतींत आता लोक बिऱ्हाडे करून राहतात. "खडखडाटच ऐकायचा होता तर घरी काय वाईट होते?" असे त्याने पहिल्याच आठवड्यात आईला कळवले. पाऊस मात्र ऐकला होता तसाच निघाला.

गेल्या दिवाळीत तो सुट्टीवर आला. पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे फराळाला सारे जमले होते. आता कापड काढीत नाहीत तर त्या गावात करतात तरी काय, असा प्रश्न आमच्या आत्याबाईंनी टाकला. भाच्याने चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "संशोधन." आणि मग दोन तास त्याने जे सांगितले, त्यातले थोडेसे वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

इंग्लंडच्या उत्तरेकडचे हे विद्यापीठ तसे जुने. कारागिरांना शास्त्र शिकवावे म्हणून 1824 साली गावातल्या पेढीवाल्यांनी आणि कारखानदारांनी जी शाळा काढली, तिथपर्यंत त्याचे मूळ जाते. 2024 मध्ये त्याने आपली द्विशताब्दी साजरी केली. अणूच्या पोटात एक इवलेसे, जड केंद्र असते हे रदरफोर्डने 1911 साली जगाला सांगितले, ते इथूनच. आपल्याच स्मरणात साठवलेली आज्ञावली चालवणारा पहिला संगणक 21 जून 1948 रोजी चालला, तोही इथेच. घातलेले पहिले गणित सोडवायला त्याला 52 मिनिटे लागली. आमचा नातू इथे फिस्सकन हसला. आम्ही त्याला दटावले. आम्हाला शाळेत त्याहून सोप्या गणितांना अधिक वेळ लागत असे.

पण भाच्याला सांगायची होती ती अलीकडची हकीकत. या विद्यापीठात आंद्रे गाइम नावाचे एक प्राध्यापक आहेत. शुक्रवारी संध्याकाळी नेमून दिलेले काम बाजूला सारायचे आणि काहीतरी वेडेवाकडे करून पाहायचे, असा त्यांचा रिवाज. मँचेस्टरला येण्यापूर्वी त्यांनी चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता, आणि त्याबद्दल हसवणाऱ्या संशोधनाला देतात ते 'इग नोबेल' नावाचे थट्टेचे पारितोषिक त्यांना 2000 साली मिळाले होते. पुढे कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह या तरुण सहकाऱ्याबरोबर ते शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा अतिशय पातळ पापुद्रा काढण्याच्या खटपटीला लागले. घासून तो निघेना. ग्रॅफाइटचा तुकडा सूक्ष्मदर्शकासाठी स्वच्छ करायचा, तर त्यावर चिकटपट्टी लावून वरचा थर उपटून काढण्याची प्रयोगशाळांतून पद्धत असते. तुकडा कामाचा, पट्टी कचऱ्याची. या मंडळींनी ती टाकून द्यायची पट्टीच उचलली. तिला चिकटलेले पापुद्रे पुन्हा पट्टीने सोलले, पुन्हा सोलले, आणि शेवटी अणूंच्या एकाच थराची चादर हाती आली. तिचे नाव ग्रॅफीन. अशा तीस लाख चादरी एकावर एक रचाव्या तेव्हा कुठे एक मिलिमीटर जाडी भरते. आणि तरी ती पोलादापेक्षा चिवट. 2004 साली हे प्रसिद्ध झाले आणि 2010 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. थट्टेचे आणि मानाचे, अशी दोन्ही पारितोषिके मिळवणारे गाइम हे पहिलेच गृहस्थ.

हे ऐकताच नातवाने कंपासपेटीतून पेन्सिल आणि चिकटपट्टी काढली आणि फराळाच्या टेबलावर संशोधन आरंभले. चादर काही हाती आली नाही. टेबलावरच्या शुभ्र कापडाची मात्र वाट लागली. विज्ञानाला किंमत मोजावी लागते, असे आम्ही सौभाग्यवतींना समजावू पाहिले. कापड कोण धुणार, एवढेच त्यांनी विचारले.

आत्याबाईंचे मन रमले ते निराळ्याच गोष्टीत. जुन्या इजिप्तमध्ये देवाला नवस फेडताना मांजर, ससाणा, मगर अशा प्राण्यांची ममी अर्पण करीत असत. अशा लाखो ममी जमिनीखाली सापडल्या. मँचेस्टरच्या संशोधकांनी त्यांतल्या आठशेहून अधिक, एकही पट्टी न उसवता, क्ष-किरणांखाली धरून पाहिल्या. 2015 साली त्यांनी सांगितले की सुमारे एक तृतीयांश पुडक्यांत अख्खा प्राणी होता, एक तृतीयांशात थोडीफार हाडे होती, आणि उरलेल्यांत प्राण्याचा पत्ताच नव्हता! आत चिखल, काटक्या, पिसे, अंड्याची टरफले. "म्हणजे तिकडचे भटजीही आपल्यासारखेच!" आत्याबाई टाळी देऊन म्हणाल्या. संशोधक मात्र असा निवाडा द्यायला तयार नाहीत. प्राण्याच्या सहवासातली वस्तूही पवित्रच मानत असतील, आणि घेणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊकही असेल, असे त्यांचे म्हणणे. आपणही देवापुढे सुपारी मांडून तिला गणपती म्हणतोच. आत्याबाईंना हे फारसे पटले नाही. तीन हजार वर्षांपूर्वीची का होईना, लबाडी ती लबाडीच.

बाकीचे आम्ही धावते घेतो. याच विद्यापीठाच्या एका गटाने 2017 साली टायरानोसॉरस रेक्स या अजस्र डायनोसॉरचा सांगाडा संगणकात उभा करून त्याला पळवून पाहिले, तर त्याची हाडेच मोडायला लागली. सिनेमात जीपगाडीमागे धावणारा तो राक्षस बिचारा झपझप चालण्यापलीकडे काही करू शकत नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष. नातू यावर फार नाराज झाला. गावाबाहेर जॉड्रेल बँक येथे याच विद्यापीठाची 76 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण 1957 पासून उभी आहे. बर्नार्ड लव्हेल युद्ध संपल्यावर आपली यंत्रे घेऊन तिथल्या शेतात गेले, कारण शहरातल्या ट्रामगाड्यांच्या विजेच्या खरखरीत त्यांना आकाश ऐकू येईना. आपल्या नारायणगावाजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी दुर्बीण आहे, तिचे हे थोरले भावंड म्हणायचे. आता ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत जी प्रचंड दुर्बीण उभी राहात आहे, तिचे मुख्य कार्यालय जॉड्रेल बँकेलाच आहे आणि तिच्या उभारणीत पुण्याची मंडळीही भागीदार आहेत. मँचेस्टरने पुण्याला कापड विकण्याचे दिवस गेले, ते असे.

एवढे होईपर्यंत चहा झाला होता. उठायची वेळ झाली, आणि मग भाच्याने ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

स्कॉटलंडमध्ये पर्थ या गावी जॉय मिल्न नावाच्या बाई राहतात. पूर्वी परिचारिका होत्या. नवरा लेस डॉक्टर. बाईंचे नाक उपजतच तिखट. नवरा तिशीत असताना त्यांना जाणवू लागले की याच्या अंगाला एक निराळाच, कुबट कस्तुरीसारखा वास येतो. त्यांना वाटले, हा नीट आंघोळ करीत नाही. त्या सारख्या मागे लागत, तो चिडे. तो वास दुसऱ्या कोणालाच येत नसे. बारा-एक वर्षे अशी गेली. स्वभाव बदलला, संसारात कुरबुरी वाढल्या, आणि पंचेचाळिशीत निदान झाले: पार्किन्सन. म्हणजे आपण कंपवात म्हणतो तो.

पुढे एकदा दोघे कंपवाताच्या रुग्णांच्या मेळाव्याला गेली. बाई दारातून आत शिरल्या आणि थबकल्या. सगळ्या खोलीला तोच वास येत होता.

2012 साली एडिंबरोला टिलो कुनाथ या शास्त्रज्ञाचे व्याख्यान झाले. शेवटी बाईंनी उठून विचारले, या रोगाला वास असतो, त्याचा उपयोग तुम्ही लोक का करून घेत नाही? कुनाथना आधी वाटले, रुग्णांची वास घेण्याची शक्ती जाते, त्याबद्दल या विचारताहेत. बाई घरी गेल्या. पण प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना, आणि पुढे त्यांनी बाईंना शोधून काढले. सहा रुग्ण आणि सहा निरोगी माणसे यांनी अंगात घातलेले बारा टी-शर्ट बाईंपुढे ठेवले. सहाही रुग्ण त्यांनी अचूक ओळखले. चूक एकच झाली: एका निरोगी माणसाचा शर्टही त्यांनी रुग्णांत टाकला. आठ महिन्यांनी त्या माणसाने कळवले की त्यालाही कंपवाताचे निदान झाले आहे.

इथून पुढचे काम मँचेस्टरचे. पर्डिटा बॅरन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी पाहिले की वास काखेतल्या घामाचा नव्हे. मानेखाली, पाठीच्या वरच्या भागात त्वचेतून जे तेलकट मेण पाझरते, त्याचा. ते टिपून यंत्रात घालायचे. यंत्र त्यातली द्रव्ये एकेक वेगळी करून नळीतून सोडते. आणि नळीच्या तोंडाशी नाक लावून जॉय मिल्न बसलेल्या! तो वास आला की त्यांनी खूण करायची. अशा रीतीने कोणती द्रव्ये रुग्णांत वाढतात आणि कोणती घटतात, ते 2019 साली छापून आले. 2022 साली तर त्याच गटाने दाखवले की पाठीवरून नुसता कापसाचा बोळा फिरवून आणला तरी प्रयोगशाळेतले यंत्र तीन मिनिटांत तपासणी उरकू शकते. प्रयोगशाळेतली चाचणी गल्लीतल्या दवाखान्यात यायला मधे बराच रस्ता असतो, हे भाच्याने आम्हाला बजावले, आणि तेच आम्ही वाचकांना बजावतो. शिवाय आज निदान झाले म्हणून रोग बरा होतो असेही नाही. लेस मिल्न 2015 साली वारले. हे काम सोडू नकोस, असे त्यांनी बायकोकडून वचन घेतले होते, असे त्या सांगतात.

खोलीत कोणी बोलेना. भाच्याच्या लक्षात आले नाही. तो तेव्हा जन्मला नव्हता. पण आत्याबाईंना आठवले, आम्हालाही आठवले. आमच्या धाकट्या मामांचे अक्षर फार सुरेख. वसुली खात्यात त्यांच्या अक्षराचे कौतुक होते. पन्नाशीला आले तसे ते अक्षर बारीक होऊ लागले. दर महिन्याच्या पोस्टकार्डावर ओळी आखडत चालल्या. "मामा, सरकार कार्डाचे पैसे अक्षरावर घेते का?" असे आम्हीच त्यांना उलट टपाली लिहिले होते. ते हसण्यावारी नेत. मामी म्हणत, यांना हल्ली आळस फार, शर्टाची बटणे लावायला अर्धा तास घेतात, हाक मारली तर चेहरा हलत नाही. त्यावरून घरात वाद होत. हात कापू लागला तेव्हा डॉक्टरांकडे नेले, आणि तेव्हा कळले की बारीक अक्षर, बटणे, तो दगडी चेहरा, सारी एकाच रोगाची पिलावळ. मधली सहा वर्षे मामी त्यांना आळशी म्हणत होत्या. नंतर मामांची सारी सेवा त्यांनी एकटीने केली; पण ती सहा वर्षे त्या कधी विसरल्या नाहीत. "मला कोणी सांगितले असते तर मी बोलले नसते हो," एवढे एकच वाक्य त्या मामा गेल्यावर म्हणत राहिल्या.

आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. भाच्याने विषय बदलला आणि मुलांना घेऊन तो फटाके उडवायला खाली गेला.

संध्याकाळी आम्ही अंगातला कुडता काढून खुंटीला लावला. थोड्या वेळाने सौभाग्यवती धुण्याचे कपडे गोळा करायला आल्या. आम्ही वर्तमानपत्राआडून पाहात होतो. त्यांनी कुडता उचलला, दाराकडे पाठ केली, आणि गळपट्टीजवळ हुंगला. मग दुसऱ्यांदा हुंगला.

"काय?" आम्ही विचारले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "चकलीच्या तेलाचा वास आहे." आणि कुडता घेऊन त्या मोरीकडे गेल्या.