खोकला बापाचा, निदान पत्त्याचं

१४ आठवडे माझा बाप खोकत होता आणि डॉक्टर त्याच्या पत्त्याला औषध देत होता.

बाप गोदीत हमाल. मीही. खताची पोती, सिमेंटची धूळ. खोकला आमच्यात पाळीसारखा येतो-जातो. मीच मूर्ख, त्या खोकल्यावर कविता लिहीत बसलो. नंतर फाडली.

वस्तीच्या तोंडावरचा दवाखाना. टेबलापलीकडून पहिला सवाल, "काय रे, पितोस ना?" बापाने जन्मात थेंब घेतला नाही. स्टेथस्कोप डॉक्टरच्या गळ्यातच लोंबत राहिला, बापाच्या छातीला लागलाच नाही. एक सुई, कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. नाव कशालाच नाही.

आठवड्यात खोकला उतरला. आम्ही खूष! दोस्तांनो, गोम इथंच आहे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध टीबीच्या जंतूंनाही अर्धवट मारतं. ताप जातो, भूक लागते, रोग आत दबा धरून बसतो आणि थुंकीतही चटकन सापडत नाही. स्टेरॉइडने तर बरं वाटतं आणि अंगाची झुंजायची ताकदच खच्ची होते. पुडीत यातलं काय होतं, कोण सांगणार?

खोकला उलटला. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाला, "तुम्ही लोक औषधं नीट घेतच नाही." तुम्ही लोक! बाप घड्याळ बघून गोळ्या गिळत होता. औषध लागू पडलं नाही तर आधी निदानावर संशय घ्यायचा, एवढं मला मॅट्रिक हमालाला कळतं. रोग्यावर संशय घ्यायला पदवी कशाला? गावच्या पाटलालाही ते जमतं.

कॉखने हा जंतू १८८२ साली दाखवला. सरकारी नियम साधा आहे: खोकला दोन आठवडे टिकला की थुंकी तपासा. तपासणी फुकट, औषध फुकट, साध्या टीबीला ६ महिने. २०१२ पासून खासगी डॉक्टरनेही टीबीचा रोगी सरकारला कळवायचा आहे. पण कळवण्याआधी ओळखायला नको? छातीला हात कोण लावणार?

रक्त पडलं तेव्हा बापाला सरकारी केंद्रात नेलं. थुंकीत जंतू निघाले. गोळ्या सुरू झाल्या, लघवी नारिंगी झाली, बाप हबकला. नर्स म्हणाली, "काका, भिऊ नका. रिफाम्पिसिनचा रंग आहे तो." औषधाचं नाव बापाला तेव्हा पहिल्यांदा कुणी सांगितलं.

आमच्या टोळीतला एक पोरगा खोकतोय. आज सोळावा दिवस. त्याच्याही खिशात तसलीच पुडी आहे. उद्या दोघांची पाळी बुडणार, मुकादम बोंबलेल. बोंबलू दे. थुंकीची डबी घेऊन आम्ही रांगेत असू.