इस्पितळातला फिजिसिस्ट

घरात कॅन्सरचे नाव निघाले, की आपण आधी डॉक्टरांची चौकशी करतो. ते कोठे शिकले, हाताला यश कसे, खर्च किती. किरणोपचार घ्यायचे ठरले, तर यंत्र नवे आहे ना, हेही आता मंडळी विचारू लागली आहेत. पण त्या यंत्रातून किती किरण बाहेर पडतात हे मोजतो कोण, असे विचारणारा गृहस्थ अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. मोजणारा असतो. तो डॉक्टर नसतो. पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झालेला असतो. इस्पितळात त्याला फिजिसिस्ट म्हणतात आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना तो बहुधा कारकून वाटतो!

त्याच्या कामाचे मोल कळायला १९९६ सालची, मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशातली हकीकत ऐकावी. सान होसे शहरातील एका इस्पितळात किरणोपचाराच्या यंत्रातला जुना कोबाल्ट काढून नवा बसवला. कोबाल्टचे तेज दरमहा शेकडा एक या हिशेबाने उतरते आणि सव्वापाच वर्षांत निम्मे होते, म्हणून तो अधूनमधून बदलावाच लागतो. बदलला की नव्याने मोजणी. या मोजणीत वेळ होती ०.३ मिनिट, म्हणजे १८ सेकंद. ती धरली गेली ३० सेकंद. शाळकरी पोराची चूक! पण त्यामुळे नवा कोबाल्ट होता त्याहून मंद भासला, प्रत्येकाला यंत्राखाली जास्त वेळ ठेवले गेले आणि ११५ रोग्यांना दीडपटीच्या घरात किरण मिळाले. काही जण त्यापायीच दगावले. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे मोजून पाहिले असते, तर पहिल्याच दिवशी उमगले असते.

आपल्याकडे या विद्येची पदविका १९६२ सालापासून तुर्भ्याच्या अणुकेंद्रात शिकवली जाते. एम.एस्सी.नंतरचे ते एक वर्ष. पण अणुऊर्जा नियामक मंडळाचे तेवढ्यावर समाधान होत नाही. मान्यताप्राप्त इस्पितळाच्या किरणोपचार विभागात आणखी १२ महिने उमेदवारी केली पाहिजे. अमेरिकेत हीच उमेदवारी दोन वर्षांची असते. २०१४ पासून तिच्यावाचून व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळत नाही. आपले एक वर्ष अपुरे, असे माझे मत आहे. शिवाय हाताखाली आलेल्या हुशार पोराला वर्षभर एकाच कामाला जुंपण्याचा मोह कोणत्या इस्पितळाला होणार नाही?

उमेदवारीत शिकायचे काय? सकाळी रोगी येण्यापूर्वी यंत्राची तपासणी असते. शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी एक पोकळ डबी किरणांखाली धरायची. आतल्या हवेत उत्पन्न होणारी वीज मोजली, की किरणांचा अंदाज येतो. रोजच्या मापात शेकडा ३ पेक्षा अधिक फरक चालत नाही, महिन्याच्या मापात २ पेक्षा. डबी हवेला खुली असते, म्हणून जवळ थर्मामीटर आणि बॅरोमीटर लागतो. मुंबईत शिकलेला मुलगा पुण्याला नोकरीस गेला, तर तिथल्या उंचीवर हवेचा दाब शेकडा सहाने कमी. ती वजाबाकी विसरला तर चांगले यंत्र त्याला मंद वाटेल आणि तो रोग्यांना जादा किरण देऊन मोकळा होईल. हे पुस्तकात छापलेले असते. पण अंगवळणी पडते ते बॅरोमीटर रोज वाचून वहीत लिहिल्यानेच.

मग उपचाराची आखणी. गाठ कोठे आहे ते डॉक्टर चित्रावर रेखून देतात आणि मात्रा सांगतात, समजा रोज २ ग्रे याप्रमाणे २५ दिवस. किरण कोणत्या कोनांतून सोडले म्हणजे गाठीला पुरे पडतील आणि शेजारचा मज्जारज्जू वाचेल, हे उमेदवार मांडतो. वरिष्ठ ते तपासतात, नापसंत करतात, पुन्हा करायला लावतात. घरी आई विचारते, ‘अरे, तू डॉक्टर का नाही?’ त्याला काय सांगावे सुचत नाही.

सर्वांत अवघड धडा मात्र गणिताचा नाही. सकाळचे माप बिघडलेले आहे, बाहेर पहाटेच्या एस.टी.ने आलेले रोगी ताटकळले आहेत, मोठे डॉक्टर घड्याळ पाहताहेत. आणि तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीने म्हणायचे आहे, ‘सर, यंत्र आता सुरू करू नका.’ पहिल्या खेपेस आवाज कापतो. म्हणून तेव्हा वरिष्ठ शेजारी उभे असावे लागतात, आणि डॉक्टरही ऐकून घेणारे असावे लागतात.

दिवाळीला पुतणी-भाचा घरी आलेला असेल आणि ‘पदार्थविज्ञान घेऊन पुढे काय?’ हा विषय फराळासोबत निघालाच, तर प्राध्यापकी आणि परदेश यांच्याबरोबर हाही रस्ता सांगून ठेवावा. मात्र पदविकेला अर्ज करण्यापूर्वी एक चौकशी जरूर करावी : उमेदवारी कोठे मिळेल, आणि तिथे शिकवायला सवड असलेला वरिष्ठ आहे का?