व्हॉल्व्हचा सेट भंगारात, अन् सोबत हातचं कसबही

राजेहो, आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांमधून व्हॉल्व्हचे रेडिओ, रेडिओग्राम एकेक करून निघून चालले. भंगारवाला लाकडाच्या भावात नेतो. मग शहरातला एखादा हौशी माणूस त्याच्याकडून उचलतो, आतली चेसिस काढून फेकतो, ब्लूटूथचं खोकं बसवतो अन् पाहुण्यांना 'विंटेज' म्हणून दाखवतो. त्यापेक्षा कपाट घ्यायचं होतं ना बापा!

आणि आपण? "कोण दुरुस्त करते आता याले? सामान कुठं भेटते?" हे ठरलेलं वाक्य टाकून मोकळे. हे वाक्य खोटं आहे, म्हणून एवढं लिहितो आहे.

सामान भेटतं. ईएल८४ आणि ईसीसी८३ हे व्हॉल्व्ह एकेकाळी बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवायची. आजही रशिया, स्लोव्हाकिया, चीनमध्ये नवे बनतात. कंडेन्सर, रेझिस्टर तर कोणत्याही मोठ्या शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात. साठ वर्षांच्या सेटला भाग मिळतो अन् पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या होम थिएटरची आयसी मिळत नाही, याचा राग आपल्याला यायला पाहिजे की नाही?

दुरुस्ती म्हणजे काही जादूटोणा नाही. स्टिरिओ रेडिओग्राम घ्या. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगात घालायचा नाही, ही पहिली गोष्ट. बरेच लोक इथंच सेट मारतात. आधी मागचं झाकण काढून उंदरांची घरटी साफ करा (आपल्याकडे ती असतातच), कुरतडलेल्या वायरी बदला. मग शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. पूर्ण उजेडानं पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

आता कान लावा. दोन्ही बाजूंनी सारखी घरघर येत असेल तर पहिला संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कंडेन्सरवर, कारण तो दोन्ही चॅनेलला एकच असतो. इतक्या वर्षांत तो आतून वाळलेला असतो. एकाच बाजूचा आवाज फाटत असेल तर तुमच्या हाताशी मोठी सोय आहे: दुसरी बाजू चांगली आहे. सेट बंद करून, थंड होऊ देऊन, डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करा. बिघाड व्हॉल्व्हसोबत गेला तर व्हॉल्व्ह गेला. तिथंच राहिला तर सर्किटात शोधा, अन् चांगल्या बाजूचे व्होल्टेज समोर ठेवून मोजत चला.

पावसाळी दमट हवेत सगळ्यात जास्त दगा देतो तो जुना कागदी कपलिंग कंडेन्सर. ईएल८४ च्या दुसऱ्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावा. शून्याच्या आसपास पाहिजे. तिथं प्लसचे दोन-चार व्होल्ट दिसले तर कंडेन्सर गळतो आहे. तो तसाच ठेवला तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते अन् पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. काही रुपयांच्या भागासाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसायची पाळी.

एक इशारा मात्र पोरांनी पाठ करा. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो, अन् प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये टिकतो. रेझिस्टर लावून तो उतरवा, मीटरनं खात्री करा, मगच हात घाला. शिकवणारा जवळ असल्याशिवाय पहिला सेट उघडू नका.

हे सगळं शक्य का होतं? कारण बनवणाऱ्यानं सेट उघडेल असा बनवला. स्क्रू होते, व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये होते, कितीतरी सेटच्या आत कोणता व्हॉल्व्ह कुठं बसतो याचा कागद चिकटवलेला असे. १९४८ साली नागपूर आकाशवाणी सुरू झाली, त्यानंतर खेड्यापाड्यात रेडिओ टिकले ते अशाच दुरुस्तीवर.

आता गावातल्या सौर दिव्याचा खांब पाहा. गावाचं नाव घेत नाही, तुमच्याही गावात एखादा असेलच. दिवा बंद. कंट्रोलर राळेत बुजवलेला, नकाशा नाही, कंत्राटदाराचा फोन लागत नाही. आयटीआय झालेलं पोरगं त्याच खांबाखाली बसून बल्लारपूरला काम शोधायचं म्हणते.

केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या, शेतीची यंत्रं असे चार गट त्यात घेतले. चांगलं केलं. पण पोर्टलवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता पाहून पोंभुर्ण्याच्या माणसानं काय करायचं? चंद्रपूर-नागपूरचं भाडं भरायचं? कंपनीनं सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग गावच्या मेकॅनिकला द्यावेत, अशी सक्ती पाहिजे. ती सक्ती दिल्लीत होईल तेव्हा होईल. टेंडर तर आपल्याच पंचायतीत निघते ना?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: नवीन सौर दिवे घेताना नकाशा, सुटे भाग अन् गावातल्या दोन पोरांना दुरुस्तीचं शिक्षण, हे टेंडरमध्ये लिहिलं का? उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या. अन् कोणाच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा सेट पडला असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कमेंटमध्ये फोटो टाका, मागचं झाकण काढून.