तळाची जाळी तुटली, तर सांगणार कोण?
उन्हाळा आला की इथल्या स्विमिंग पूलवर नातवंडांना घेऊन भारतातून आलेले आजी-आजोबाही दिसतात. २००२ मध्ये सात वर्षांची व्हर्जिनिया ग्रेम बेकर हॉट टबच्या तळाशी, पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाला अडकून बुडाली. तिच्या आईने पाठपुरावा केला. २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला आणि सार्वजनिक पूलमध्ये त्या तोंडावर सुरक्षित जाळी सक्तीची झाली. पण जाळी निखळली, तर कायदा स्वतः येऊन बघत नाही. ‘परक्या देशात आपण कशाला बोला?’ असं म्हणू नका. आधी मुलांना बाहेर काढा, तिथल्या माणसाला सांगा, फोटो काढून काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवा. बागेतल्या मोडक्या झोपाळ्यासाठी अनेक शहरांत ३११ आहे. आपण गप्प बसलो, तर उद्या तिथे कुणाचंही मूल खेळायला येईल.